पगाराआधीचं ॲपवरचं कर्ज फिटत नाहीये, ७ तारीख जवळ आली आहे. काय करावं?

बार्शीकर_चाकण

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

मी चाकणला एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत क्वालिटीला आहे. हातात २६,५०० येतात. खोलीभाडं (तिघांत मिळून) माझ्या वाट्याचं ४,५००, मेस ३,५००, गावाकडे ८,०००, पेट्रोल, मोबाईल वगैरे २,०००. म्हणजे महिन्याला ८,५०० उरतात. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक निघालं आणि त्याच वेळी कंत्राटदाराने दोन महिने पगार उशिरा केला. तेव्हा मोबाईलवरच्या ॲपमधून पैसे उचलले. आज तीन ठिकाणचं देणं आहे.

पहिलं ॲप : १५,००० मंजूर. प्रोसेसिंग फी १,५०० आणि त्यावर जीएसटी २७० कापून हातात आले १३,२३०. व्याज रोज १ टक्का, ३० दिवसांनी एकरकमी १९,५०० भरायचे. पूर्ण रक्कम जमली नाही म्हणून ‘मुदतवाढ’ घेतली. त्यात फक्त व्याजाचे ४,५०० भरायचे आणि मुद्दल पुढच्या महिन्यात जातं. असं दोनदा झालं, ९,००० गेले. आता ७ तारखेला पुन्हा १९,५०० आहेत.

दुसरं : ३०,००० घेतले, ५,८०० चे सहा हप्ते. दोन भरले, चार राहिले.

तिसरं ॲप कुठल्याशा मेसेजमधल्या लिंकवरून उतरवलं होतं. ५,००० मागितले, ३,१०० आले, सात दिवसांनी ५,००० भरले. दुसऱ्या दिवशी न मागता खात्यात ३,००० टाकले आणि आता ५,५०० मागतायत. माझ्या फोनमधल्या लोकांना मेसेज चालू झालेत. मेव्हण्याला माझा फोटो पाठवून खाली ‘फसवणूक करणारा’ असं लिहिलंय.

पहिल्या ॲपचे वसुलीवाले म्हणतात, ७ तारखेला पैसे खात्यात नसतील तर पोलीस कंपनीच्या गेटवर येतील. बायकोला अजून सगळं सांगितलेलं नाही. तिचं गंठण विकावं का? की चौथ्या ॲपमधून २०,००० मिळतायत ते घेऊन पहिलं मिटवावं? खरंच अटक होते का? रात्री झोप लागत नाही. कृपया कुणी माहीतगार असेल तर सांगा.

---

निवृत्त_सचिव_सातपूर

तुमचा निरोप वाचला आणि आधी हेच सांगतो : चौथं ॲप नको. बाकी काय करायचं ते खाली लिहितो, पण आज रात्री ते बटण दाबू नका.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यातल्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत बरीच वर्षं सचिव होतो. आधी सभासद लग्नासाठी, आजारपणासाठी कर्ज मागायला यायचे. शेवटच्या काही वर्षांत तरुण पोरं फोन पुढे करून दाखवायला लागली, “साहेब, एवढं बंद करून द्या.” आकडे पाहून माझे हात थरथरायचे. रोज १ टक्का म्हणजे महिन्याला शेकडा तीस रुपये. गावातला सावकार शेकडा पाचने किंवा दहाने देतो म्हणून आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर महाराष्ट्रात वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे शेकडा दीड. तुमच्या हातात आले १३,२३०. तुम्ही ९,००० परत केलेत आणि अजून १९,५०० बाकी आहेत. ७ तारखेला ते भरलेत तर नव्वद दिवसांत १३,२३० चे २८,५०० होतील. मुदतवाढीचा महिना म्हणजे मुद्दल जागच्या जागी ठेवून नुसतं भाडं भरणं आहे. ते थांबवणं हे पहिलं काम.

आता तिन्ही देणी एकाच मापाने मोजू नका. पहिल्या दोघांच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) आहे का ते बघा. कर्ज मंजुरीच्या पत्रात आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च सांगणाऱ्या पत्रकात, तिचं नाव असतं. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या ॲपची यादी ठेवली आहे. त्यात ॲपचं नाव आणि त्यामागची कंपनी जुळवून बघा. यादीत नाव असणं म्हणजे रिझर्व्ह बँकेची शिफारस नव्हे, कंपन्यांनी स्वतः भरलेली माहिती तिथे दिसते. पण नाव नसेल तर सावध व्हायला कारण आहे.

तिसरं ॲप मला सरळ गुन्हेगारीचं दिसतंय. न मागता पैसे टाकणं, फोनमधली नावं उचलणं, फोटो फिरवणं, हे नियमात बसणारा कुणी करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपला तुमची संपर्क यादी, कॉलची नोंद, गॅलरी बघण्याची परवानगीच नाही. त्यांना आता एक रुपयाही देऊ नका. दिलात की पुढच्या आठवड्यात पुन्हा खात्यात पैसे पडतील आणि दुप्पट मागतील. ते ३,००० खर्चू मात्र नका, बाजूला ठेवा. तक्रारीत स्पष्ट लिहा की हे पैसे मी मागितले नव्हते, कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं कळवलं की परत करतो.

ॲप काढून टाकण्याआधी सगळे पुरावे घ्या : मेसेज, फोटो, ज्या नंबरवरून आले ते नंबर, ज्या यूपीआय आयडीवर पैसे मागितले तो, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी. मग ॲपच्या सगळ्या परवानग्या बंद करा, ॲप काढा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक घेऊन चाकण पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. बेकायदा कर्ज देणाऱ्यांच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल आहे, तिथेही टाका. आणि फोनमधल्या लोकांना आजच एक साधा मेसेज पाठवा : माझ्या नावाने खोटे फोटो आणि मेसेज येत आहेत, पोलिसांत तक्रार केली आहे, उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा. त्यांची सगळी ताकद तुमच्या लाजेवर चालते. लोकांना तुमच्याकडून आधी कळलं की त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही.

आता पहिल्या ॲपचं. त्यांचं मागचं मुदतवाढीचं चक्र ८ तारखेला सुरू झालं असणार. रोज १५० रुपये व्याज चढतंय. २३ तारखेला बंद केलंत तर पंधरा दिवसांचं व्याज २,२५०, म्हणजे १७,२५० मध्ये सुटका. मुदतपूर्व परतफेडीबद्दल की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये काय लिहिलंय ते वाचा. ज्या शुल्काचा त्यात उल्लेख नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला तसं परिपत्रक काढलं आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या किरकोळ मुदत कर्जांना ते लागू आहे. की फॅक्ट स्टेटमेंट तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं बंधनही त्यातच आहे.

१७,२५० आणायचे कुठून? तुमची पत्नी गावात बचत गटात आहे का? ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या गटांत अंतर्गत कर्ज बहुतेक ठिकाणी शेकडा एक किंवा दोनने मिळतं. १५,००० शेकडा दोनने घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज ३०० रुपये. आज तुम्ही ४,५०० भरताय. दहा महिन्यांत १,५०० चं मुद्दल आणि कमी होत जाणारं व्याज, म्हणजे पहिला हप्ता १,८००. त्यात दुसऱ्या ॲपचा ५,८०० चा हप्ता मिळवला तर ७,६००. तुमच्या ८,५०० मध्ये बसतं, ९०० उरतात. वरचे २,२५० कंत्राटदाराकडून उचल म्हणून मागा किंवा खोलीतल्या मित्रांकडून हातउसने घ्या.

गट नसेल तर सोनं विकू नका, बँकेत तारण ठेवा. सोनेतारण कर्जाचा दर बँकेत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो, त्याच दिवशी पैसे मिळतात, आणि फेडलं की गंठण परत घरी येतं. एलआयसीची पॉलिसी काही वर्षं भरली असेल तर तिच्यावरही कर्ज मिळतं. पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेव असेल तर तेही बघा. फक्त पहिल्या ॲपच्या रकमेपुरतंच घ्या. हाताशी आलंय म्हणून पाच-दहा हजार जास्त घेऊ नका, ही चूक माझ्या सभासदांनी वारंवार केलेली मी पाहिली आहे.

दुसरं ॲपही स्वस्त नाही, महिन्याला शेकडा साडेचारच्या जवळपास पडतंय. पण हप्ते ठरलेले आहेत आणि प्रत्येक हप्त्यात मुद्दल कमी होतंय. ते चालू ठेवा.

आणि पत्नीला आज सांगा. गट, गंठण, घरखर्च, सगळ्या वाटा त्यांच्यातूनच जातात. तिसऱ्या ॲपचा मेसेज त्यांच्या फोनवर जाण्याआधी तुमच्या तोंडून त्यांना कळू दे.

---

आडवा_कोयना

काका एवढं लिहितायत, पण मी म्हणतो भरूच नका. एवढ्याशा रकमेसाठी कुणी कोर्टात जात नाही. सिम बदला, विषय संपला. माझ्या ओळखीतल्या दोघांनी असंच केलं.

---

ॲड_मराठवाडा

सिम बदलण्याचा सल्ला मला मान्य नाही, त्यामुळे आधी त्याबद्दल. मी छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते.

कर्ज थकणं हा गुन्हा नाही. परतफेड जमली नाही म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत आणि पैसे वसूल करून देणं हे पोलिसांचं कामही नाही. गेटवर पोलीस येतील हे वसुलीवाल्याचं वाक्य तुम्हाला घाबरवण्यासाठी आहे. पण एक बाजू लोक विसरतात. तुम्ही कर्ज घेताना बँक खात्यावर ई-मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापून घेण्याची परवानगी, दिलेलं असतं. खात्यात पैसे नाहीत म्हणून ते परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स ॲक्ट, २००७ चं कलम २५ लागू शकतं. चेक न वटल्यासारखीच त्याची पद्धत आहे : कंपनीने ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही रक्कम भरलीत तर प्रकरण तिथेच थांबतं. नाही भरलीत तर ती न्यायालयात तक्रार करू शकते, आणि कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून सिम बदलून, पत्ता बदलून नोटीस चुकवणाऱ्याचं नुकसान होतं. पंधरा दिवसांची संधी त्याच्या हातून जाते आणि पुढे समन्सला हजर नाही म्हणून वॉरंट निघतं. अशा प्रकरणात मुलाला पकडून आणल्यावर आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण सुरुवातीला एका पानाचं उत्तर दिलं असतं तर तिथवर गेलंच नसतं.

दुसरं, व्हॉट्सॲपवर ‘अरेस्ट वॉरंट’, ‘एफआयआर नंबर’, ‘लोक अदालत समन्स’ असं लाल शिक्क्याचं काही आलं तर घाबरण्याआधी तपासा. खऱ्या खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की प्रकरण दिसतं. दिसलं नाही तर तो कागद जपून ठेवा, तक्रारीला जोडायला उपयोगी पडेल. लवादाची (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करायला नेमलेल्या माणसाची) नोटीस आली तर मात्र दुर्लक्ष करू नका. कंपनीने स्वतःच एकतर्फी लवाद नेमणं चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे, पण ती हरकत लेखी घ्यावी लागते.

समजा उद्या दिवाणी दावा होऊन हुकूमनामा झाला, तरी तुमचा पगार पुरा जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही.

वसुलीबद्दल : रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, हे सगळं वर्ज्य आहे, आणि एजंटाने केलं तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीची. फोन रेकॉर्ड करा. त्यांना सांगा, जे काय असेल ते ईमेलवर लिहून पाठवा.

ईमेलचा मसुदा साधा ठेवा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता ॲपवर असावाच लागतो, त्याच्या नावे लिहा : कर्ज क्रमांक अमुक, हातात १३,२३० मिळाले, आजवर ९,००० भरले, पगार उशिरा होत असल्याने एकरकमी १९,५०० शक्य नाही, अमुक तारखेला बंद करण्याची रक्कम तपशीलवार कळवावी, शक्य नसल्यास मुद्दलाचे पाच मासिक हप्ते करून द्यावेत, मुदतवाढ नको. दंडाचं शुल्क लावलं असेल तर त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, तेही लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना मोफत वकील मिळतो. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवून हप्ते ठरवून घेता येतात.

---

पिंपरीतला_कामगार

मला कर्जातलं फार कळत नाही, पण तुमच्या प्रश्नातली एक ओळ कुणी उचलली नाही. दोन महिने पगार उशिरा का? पगार पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला देणं हे कंत्राटदारावर बंधनकारक आहे, आणि त्याने दिला नाही तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो. तुमच्यासारखे त्या कंत्राटदाराचे अजून किती जण असतील? सगळ्यांनी मिळून एक सहीचा अर्ज कंपनीच्या एचआरला द्या, त्याची प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला. एकट्याने जाऊ नका, एकट्याला काढून टाकतात. आमच्याकडे चौदा जणांच्या सह्या गेल्यावर पगाराची तारीख सुधारली. पगार वेळेवर आला नाही तर सचिव काकांचं गणितही पुढच्या महिन्यात कोलमडेल.

---

रेखा_करवीर

माझ्या धाकट्या दिराच्या बाबतीत तिसऱ्या ॲपसारखंच झालं होतं. त्याचा फोटो कापून दुसऱ्याच फोटोला जोडला आणि माझ्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. सासूबाईंनी त्या ग्रुपवर स्वतः लिहिलं, हा फोटो खोटा आहे, आमचा मुलगा आमच्याजवळ बसलाय. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आम्ही कोल्हापूरला सायबर पोलिसांकडे गेलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं. अश्लील फोटो असेल तर आयटी कायद्याची कलमंही लागतात, आणि पैशासाठी धमकावणं ही खंडणी आहे असं त्यांनीच सांगितलं. फोन येणं महिनाभर चालू राहिलं आणि मग बंद झालं. त्यांना नवीन माणूस सापडतो.

झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, रात्री कधीही लावा, मराठीत बोलतात. माझा दीर बोलला होता. मन फार जड झालं तर कर्जाचं पुढे बघता येईल, आधी तिथे फोन करा, आणि खोलीतल्या मित्रांना उठवा.

---

आडवा_कोयना

ताई, कलम २५ चं मला ठाऊक नव्हतं. मग माझ्या त्या दोघांना काय सांगू? दीड वर्ष झालंय.

---

ॲड_मराठवाडा

ई-कोर्ट्सवर त्यांच्या नावाने प्रकरण दिसतंय का ते बघायला सांगा, जुन्या पत्त्यावर टपाल आलं होतं का ते विचारा. काही नसेल तर क्रेडिट रिपोर्ट (आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद) काढून कंपनीचं नाव आणि बाकी रक्कम पाहू दे. मग तडजोड मागता येते, थकलेल्या जुन्या खात्यांत कंपन्या बऱ्याचदा कमी रकमेवर तयार होतात. मात्र रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्ज, गाडीकर्ज घेताना बँक तो बघते. पूर्ण रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करणं परवडत असेल तर तेच चांगलं. आणि ‘आम्ही तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो, दरमहा आमची फी भरा’ म्हणणाऱ्या एजन्सीच्या वाटेला जाऊ नका. त्या जे पत्र लिहितात ते तुम्ही स्वतः लिहू शकता, आणि फी भरत असताना व्याज चढतच असतं.

---

बार्शीकर_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

बायकोला त्याच रात्री फोनवर सांगितलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली गटाची बैठक परवाच आहे. ती गटात आहे हे मला माहीत होतं, पण तिथून एवढे मिळतील हे ध्यानातच आलं नव्हतं. गटाने १५,००० दिले, शेकडा दोनने, दहा महिन्यांत फेडायचे. गंठण घरातच आहे.

पहिल्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला ॲडव्होकेट ताईंनी सांगितल्यासारखा ईमेल केला. व्याज कमी करणार नाही असं उत्तर आलं, हप्तेही देत नाही म्हणाले. पण बंद करण्याची रक्कम लिहून दिली, २३ तारखेला १७,२५०. वरचे २,२५० खोलीतल्या दोघांनी दिले. एजंट फोनवर त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर टाका म्हणत होता, तिथे ‘डिस्काउंट’ देतो म्हणाला. मी ॲपमधूनच भरले, पावतीवर एनबीएफसीचं नाव आलं आहे.

तिसऱ्याची १९३० वर आणि पोर्टलवर तक्रार झाली. चाकणला अर्ज दिला, पोच घेतली. मेसेज अजून येतात, पण मी सगळ्यांना आधीच कळवल्यामुळे मेव्हणाच आता मला त्यांचे नंबर पाठवतो. ३,००० वेगळ्या खात्यात ठेवलेत.

पगाराच्या अर्जावर अकरा सह्या झाल्यात, सोमवारी एचआरला देतोय.

काका, एक विचारायचं होतं. पहिलं ॲप आता ‘तुमची मर्यादा वाढवून ४०,००० केली आहे’ असं रोज पाठवतंय. खातं तर बंद झालं, मग हे काय? आणि बंद झालं याचा कागद कुठला मागायचा?

---

निवृत्त_सचिव_सातपूर

वाचून फार बरं वाटलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

कर्ज बंद झालं तरी ॲपमधलं तुमचं खातं आणि मर्यादा चालूच असते. जो फेडतो त्यालाच ते पुन्हा बोलावतात. तक्रार अधिकाऱ्याला त्याच ईमेलवर लिहा : माझी मर्यादा रद्द करा, जाहिरातीचे मेसेज बंद करा, माझी माहिती वापरण्याची संमती मी काढून घेत आहे. संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसायला सांगण्याची सोय ॲपमध्ये देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कागद म्हणाल तर बेबाकी दाखला मागा, ते त्याला ‘नो ड्यूज सर्टिफिकेट’ म्हणतील. त्यावर कर्ज क्रमांक, एनबीएफसीचं नाव, बंद झाल्याची तारीख आणि बाकी शून्य हे चारही असलं पाहिजे. नुसता ‘धन्यवाद, पैसे मिळाले’ असा मेसेज पुरत नाही.

मग बँकेत जाऊन त्या कर्जाचं ई-मॅन्डेट रद्द करून घ्या. कर्ज संपल्यावरही मॅन्डेट जिवंत राहिलं आणि चुकून पुन्हा लावलं गेलं तर तुमच्या खात्यातून पैसे जातात किंवा ते परत जाऊन बँकेचा दंड बसतो. दुसऱ्या ॲपचं मॅन्डेट मात्र राहू द्या, आणि त्याच्या हप्त्याचे ५,८०० पगार झाला की आदल्या दिवशीच खात्यात वेगळे धरा.

महिना-दीड महिन्याने सिबिलचा क्रेडिट रिपोर्ट काढा. असा रिपोर्ट देणाऱ्या चार संस्था आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पहिलं कर्ज ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते बघा. नसेल तर बेबाकी दाखला जोडून त्या संस्थेकडेच दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच रिपोर्टमध्ये तुम्ही न घेतलेलं एखादं कर्ज तुमच्या नावावर आहे का तेही तपासा, कारण तिसऱ्या ॲपकडे तुमचं आधार आणि पॅन दोन्ही गेलेलं असणार.